चिमुकले आरसी रॉक क्रॉलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटची वीतभर जीप दगडांवरून हळूहळू चढवायची, या छंदाबद्दल जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. भर १:२४ आणि १:१८ या मापांवर, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या आणि अठराव्या भागाएवढ्या गाड्यांवर आहे. गाडी अजून घ्यायची असेल तर सुरुवातीपासून वाचा. घेतली असेल तर थेट प्रश्न ८ वर गेलात तरी चालेल.

१. क्रॉलर म्हणजे नेमकं काय? साध्या रिमोटच्या जीपपेक्षा ती वेगळी कशी?

क्रॉलर वेगासाठी बनवलेली नसते. मोटर आणि चाकं यांच्यामध्ये गिअरची इतकी उतरंड असते की मोटर भरपूर फिरते आणि चाक सावकाश पण जोर लावून वळतं. चारही चाकांना कायम ताकद मिळते. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) लॉक केलेले असतात, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं ओढत राहतं. सस्पेन्शन लवचिक आणि टायर मऊ असतात. बाजारातल्या साध्या रिमोट-जीपमध्ये यातलं एखाद-दुसरंच असतं. थ्रॉटल जरासा दाबला की ती उसळते, क्रॉलर मात्र इंच-इंच सरकते.

२. ‘छोटी’ म्हणजे किती छोटी?

या छंदातलं रुळलेलं माप १:१०. ती गाडी जवळपास अर्धा मीटर लांब आणि दोन-तीन किलो वजनाची. १:१८ ची साधारण २५ सेंटिमीटर, १:२४ ची २० सेंटिमीटरच्या आसपास. ऑरलँडू हंटर या कंपनीची १:३५ ची किट तर मुठीत मावतात.

लोसी कंपनीने १:२४ चा क्रॉलर बराच आधी आणला होता, पण या मापाची खरी लाट आली ती २०१९-२० च्या सुमारास, अ‍ॅक्झियलच्या एससीएक्स२४ मुळे. २०२२ मध्ये ट्रॅक्ससने १:१८ ची टीआरएक्स-४एम आणली आणि एफएमएसने एफसीएक्स२४. आज सुट्या भागांची जी रेलचेल दिसते ती मुख्यतः या तीन गाड्यांभोवती आहे.

३. १:१० ची मोठी सोडून छोटी का घ्यावी?

कारण छोट्या गाडीला डोंगर शोधत जावं लागत नाही. १५ सेंटिमीटर उंचीचा काळा दगड १:२४ च्या हिशेबात ३.६ मीटरचा कडा होतो. गॅलरीतल्या कुंड्या, जिन्याची कड, बागेतली दगडी किनार, सोफ्यावर टाकलेल्या उशा, सगळीकडे अवघड वाट निघते. मोठ्या गाडीसाठी ओढ्याचं कोरडं पात्र किंवा खाण गाठावी लागते आणि तिथवर जायला रविवार लागतो. छोटी गाडी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत चालवता येते.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ही गाडी चालवताना नजर दगडावर खिळते. कुठल्या खाचेत डावं चाक टेकवायचं, कुठे थांबून वजन पुढे येऊ द्यायचं, कुठे अर्धा सेंटिमीटर मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची, हे ठरवावं लागतं. त्याला ‘लाईन’ निवडणं म्हणतात. रोज पायाखाली येणारा दगडही मग बारकाईने पाहिला जातो. एकाच दगडाच्या चार बाजूंनी चार वेगळ्या लाईन निघतात, आणि त्यातली एखादी महिनाभर दाद देत नाही.

मात्र तुमचा बेत सह्याद्रीत ट्रेकला जाताना गाडी बरोबर नेण्याचा असेल, तर १:२४ घेऊ नका. निदान १:१८ घ्या. का, ते पुढच्या उत्तरात.

४. मग छोट्या गाडीचं नेमकं कुठे अडतं?

गाडी लहान झाली तरी जग लहान होत नाही. तीन सेंटिमीटर उंचीचं गवत १:२४ च्या गाडीला पाऊण मीटरचं रान असतं. खडीचा एक मिलिमीटरचा कण तिच्या मापाने अडीच सेंटिमीटरचा होतो आणि चाकाखाली गोटीसारखा घरंगळतो. वाळलेलं पान घसरतं, काडी ड्राइव्हशाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यात) अडकते. घरात तर सर्वांत मोठा शत्रू केस. चाक आणि अ‍ॅक्सलच्या फटीत तो गुंडाळत जातो आणि आतल्या बेअरिंगपर्यंत पोचतो. चाकं अधूनमधून काढून चिमट्याने केस-धागे साफ करणं हे या मापात नित्याचं काम आहे.

म्हणून छोट्या गाडीला स्वच्छ, कोरडा, खडबडीत दगड हवा. मोकळी माती, वाळू, गवत, पालापाचोळा ही तिची जागा नव्हे. कितीही भाग बदलले तरी ही मर्यादा जात नाही, आणि गाडी घेण्याआधी ती माहीत असली तर पुढे निराशा होत नाही.

५. पहिली गाडी कोणती घ्यावी?

फक्त घरात आणि गॅलरीत चालवणार असाल तर एससीएक्स२४. तिचे सुटे भाग सर्वांत जास्त मिळतात आणि तिच्या दुरुस्तीबद्दल जवळपास सगळं कोणी ना कोणी लिहून ठेवलेलं आहे. घर आणि बाहेर दोन्ही हवं असेल तर टीआरएक्स-४एम: तिचे शॉक (धक्के झेलणारे दांडे) तेलाचे असतात, बॅटरी मोठी (२एस म्हणजे दोन सेलची, ७५० एमएएच) असते आणि चाकंही जरा मोठी. एफसीएक्स२४ ला रिमोटवरून बदलता येणारे दोन गिअर आणि पोर्टल अ‍ॅक्सल आहेत. पोर्टल म्हणजे चाकाजवळ आणखी एक गिअरजोडी, त्यामुळे अ‍ॅक्सलचा गोळा वर उचलला जातो आणि खाली जास्त जागा मिळते. यांत्रिक रचना आवडत असेल तर हीच घ्या.

जोडणीची आवड असेल तर ऑरलँडूचं किट आहे, पण त्याची मोटर, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळे घ्यावे लागतात आणि स्क्रू इतके बारीक असतात की भिंगाशिवाय बसू नये. पहिली गाडी म्हणून ते नको.

६. डब्ल्यूपीएल किंवा एमएनच्या स्वस्त गाड्या चालतील का?

छंद आपल्याला मानवतो का हे पाहायला चालतील. पण त्या मापाने मोठ्या असतात, शिवाय काही मॉडेलमध्ये अगदी हळू वेगावरचं नियंत्रण ओबडधोबड असतं. क्रॉलरची सगळी मजा त्या हळू वेगातच आहे. एकेक भाग बदलत गेलात तर शेवटी खर्च चांगल्या गाडीएवढाच होतो.

७. भारतात मागवताना काय लक्षात ठेवावं?

शक्यतो इथल्या दुकानदाराकडून घ्या. किंमत जास्त वाटली तरी सुटे भाग आणि बदली यांची सोय असते. परदेशातून मागवायची असेल तर तीन गोष्टी ध्यानात घ्या. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस चिन्ह सक्तीचं आहे. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्क्यांवर नेलं होतं, तेव्हा मागवण्याच्या दिवशीचा दर पाहून घ्या. आणि परदेशातल्या नातेवाइकाने ‘भेट’ म्हणून पाठवलेल्या पार्सलला पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या भावा-बहिणीला सुट्टीत येताना आणायला सांगणार असाल तर बॅटरीसाठी प्रश्न १६ पाहा.

८. खोक्यातून काढल्यावर लगेच चालवली तर चालते ना?

चालते, पण आधी थोडा वेळ द्या. सगळे स्क्रू हाताने तपासा. प्लॅस्टिकमध्ये बसणारे स्क्रू घट्ट लागले की थांबा. अर्धा फेरा जास्त दिला तरी आटे जातात. साधारण दीड मिलिमीटरची चांगल्या पोलादाची अ‍ॅलन की आणि बारीक स्क्रूड्रायव्हर विकत घ्या, खोक्यातल्या फुकट पान्याने स्क्रूची डोकी झिजतात. मग चाकं हवेत ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. टोकाला सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अडून जोर लावतोय असं समजा. रिमोटवर स्टिअरिंगची मर्यादा कमी करून ते थांबवा. छोटे सर्व्हो याच कारणाने लवकर जळतात.

९. मुलांना देऊ का?

बहुतेक गाड्यांवर निर्मात्यानेच १४ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं. त्याआधी मोठ्यांसोबत चालवायला हरकत नाही. वेग कमी, त्यामुळे इजा होण्याची भीती कमी. बॅटरी काढणं, घालणं आणि चार्ज करणं मात्र मोठ्यांनीच करावं.

१०. माझी गाडी सारखी मागे कोलमडते. पितळी भाग लावावेत का?

हो, आणि पहिला खर्च यावरच करावा. हिशेब सोपा आहे. एससीएक्स२४ च्या जीप रँग्लरच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये साधारण १३४ मिमी अंतर आहे. वजन मधोमध आणि गुरुत्वमध्य ६० मिमी उंचीवर असेल, तर ४८ अंशांच्या आसपास ती मागे उलटते. तोच गुरुत्वमध्य ४५ मिमीवर आणला तर ५६ अंश मिळतात. त्यावर ६० टक्के वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर नेलं तर ६० अंशांपर्यंत मजल जाते.

पितळ प्लॅस्टिकच्या सहा-सातपट जड, म्हणून तेवढ्याच जागेत भरपूर वजन खाली बसतं. आधी पुढच्या चाकांची रिम, मग पुढचे नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग), मग पुढच्या डिफरन्शियलचं झाकण. मागच्या बाजूला गरज पडली तरच, आणि कमी. अ‍ॅक्सलवर बसलेलं वजन सस्पेन्शनच्या खाली राहतं. वेगाच्या गाडीत तो दोष धरतात, क्रॉलरमध्ये तेच हवं असतं. चेसिसवर किंवा बॉडीच्या आत शिसं चिकटवू नका, त्याने गुरुत्वमध्य वर जातो. छतावरचं कॅरियर, जेरीकॅन, स्टेपनी दिसतात छान, पण अवघड चढाला निघताना ते उतरवून ठेवा.

अति वजनाचीही किंमत असते. मूळ सर्व्होला जड चाकं दगडाच्या फटीत वळवता येत नाहीत आणि प्लॅस्टिकचे ड्राइव्हशाफ्ट पिळवटून तुटतात. पुढे पितळ लावणार असाल तर धातूच्या गिअरचा सर्व्हो त्याच यादीत धरा.

११. ही गाडी जास्तीत जास्त किती अंशांचा चढ चढते?

दोन मर्यादा आहेत आणि आधी जी येईल ती लागू. एक उलटण्याची, ती वर सांगितली. दुसरी घसरण्याची. टायर आणि दगड यांच्यातला घर्षण गुणांक १ असेल तर ४५ अंशांना गाडी घसरायला लागते, १.२ असेल तर ५० अंशांना. यात गाडीचं माप कुठेच येत नाही. छोटी गाडी कमी चढते हा समज चुकीचा आहे, सपाट स्वच्छ पृष्ठभागावर ती मोठीइतकीच चढू शकते. दगडाला बारीक पायऱ्या आणि खाचा असल्या तर याहून उभी वाटही जाते, कारण तिथे टायरचे दात अडकतात.

१२. मोठ्या गाडीचे टायर दगडाला लपेटतात, माझे ताठ राहतात. असं का?

माप अर्धं केलं की टायर टेकण्याची जागा एक-चतुर्थांश होते, पण वजन एक-अष्टमांश होतं. म्हणजे टायरवरचा दाब अर्धाच उरतो. १:२४ ला हा दाब इतका कमी असतो की साधं रबर दबतच नाही. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे: रबर मऊ घ्या आणि आतला फोम हलका करा. फोम बाहेर काढून त्याच्या कडेला कात्रीने दातेरी खाचा दिल्या तर फरक लगेच कळतो. चाकात वजन घातल्यानेही दाब वाढतो, म्हणून पितळी रिमचा फायदा दुहेरी आहे.

टायर बोटाने दाबून पाहा. अंगठ्याने जराशा जोरावर आत जायला हवा आणि सोडल्यावर सावकाश मूळ आकारात यायला हवा. चटकन उसळला तर फोम अजून कडक आहे.

१३. वळायला फार जागा लागते. गाडीत बिघाड आहे का?

नाही. डिफरन्शियल लॉक असल्यामुळे आतलं आणि बाहेरचं चाक सारख्याच वेगाने फिरतं, म्हणून वळताना चाकं थोडी फरफटतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते. लादीवर ते टायर घसरून जिरतं, खडबडीत दगडावर जास्त जाणवतं. जास्त कोनात वळणारे नकल किंवा पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित वेगाने फिरवणारे गिअर लावता येतात. नव्याने आलेल्या माणसाने मात्र मागे-पुढे करत वळायला शिकावं, बरीच अडचण तेवढ्याने सुटते.

१४. चढताना गाडी एका बाजूला झुकते आणि एक पुढचं चाक उचललं जातं. स्प्रिंग तुटली का?

बहुधा नाही. ड्राइव्हशाफ्ट अ‍ॅक्सलला फिरवायला जोर लावतो, त्याची प्रतिक्रिया चेसिसला उलट्या बाजूला पिळते. गाडी हलकी, स्प्रिंग मऊ, म्हणून पीळ डोळ्यांना दिसतो. सपाटीवर थ्रॉटल दिल्यावर झुकत नसेल आणि फक्त जोर लागताना झुकत असेल तर कारण हेच. ज्या बाजूला झुकते तिथली स्प्रिंग किंचित कडक करा. पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये शेवटची उतरंड चाकापाशी होते, शाफ्टवर जोर कमी येतो आणि झुकणंही कमी होतं.

थ्रॉटल नसतानाही झुकत असेल तर शॉक अडकला आहे. एससीएक्स२४ च्या मूळ शॉकमध्ये तेल नसतं, त्यात धूळ गेली की ते कडक होतात. उघडून कोरड्या कापडाने पुसा.

१५. ब्रशलेस मोटर लावावी का?

घाईने नको. मूळ ब्रशवाल्या मोटरमध्ये ताकद पुरेशी असते, उणीव असते ती अगदी सावकाश निघण्यात आणि उतारावर जागच्या जागी थांबण्यात. आधी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बदलून पाहा. थ्रॉटल सोडल्यावर चाकं धरून ठेवणारा ड्रॅग ब्रेक आणि सुरुवातीचा जोर ज्यात जुळवता येतो असा घ्या. काही गाड्यांत ईएससी आणि रिसीव्हर एकाच पट्टीवर असतात. तिथे दोन्ही बदलावे लागतात, कधी रिमोटसुद्धा. एवढ्यावर समाधान झालं नाही तरच ब्रशलेस. तेव्हाही जास्त वेगाची मोटर न घेता कमी वेगात न अडखळता फिरणारी घ्या.

१६. बॅटरीची काळजी कशी घ्यायची? विमानात नेता येते का?

बहुतेक गाड्यांना २एस लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असते: दोन सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट. एका सेलचा दाब ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, भरलेली किंवा रिकामी ठेवू नका. चार्जिंग लादीवर किंवा ओट्यावर करा, गादी-पडद्यांपासून दूर, आणि घरात कोणी जागं असताना. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, वापरायचीही नाही. ई-कचरा संकलनात द्या. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवू नका.

वेगळ्या दुकानातून बॅटरी घेतली तर कनेक्टर जोडण्याआधी लाल-काळी वायर मूळ बॅटरीशी ताडून पाहा. दिसायला तोच कनेक्टर असतो आणि ध्रुव उलटे निघतात. एका क्षणात इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

विमानात सुट्या लिपो बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या, टोकं टेपने झाकून. साधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे, ७.४ व्होल्ट आणि ३५० एमएएचची बॅटरी २.६ वॉट-तासांच्या आतच भरते. तरी विमान कंपनीचा नियम वाचून निघा.

१७. पावसाळ्यात बाहेर चालवता येईल?

इलेक्ट्रॉनिक्स जलरोधक आहे का ते आधी पाहा. टीआरएक्स-४एमचं आहे. पण पाणी बेअरिंग आणि स्क्रूंना गंज चढवतं, तेव्हा घरी आल्यावर चाकं काढून पंख्याखाली वाळवा आणि बेअरिंगला थेंबभर हलकं तेल द्या. खरी अडचण शेवाळाची: ओल्या बेसॉल्टवर मऊ टायरही सुटतात. कोकणातल्या जांभ्यावर पकड छान मिळते, तो मुळातच सच्छिद्र आणि खडबडीत असतो. मात्र तो टायर लवकर झिजवतो आणि त्याची लाल भुकटी गिअरमध्ये शिरते.

१८. किल्ल्यावर नेऊन तटबंदीवर चालवली तर छान व्हिडिओ होईल ना?

संरक्षित वास्तूवर, तटावर, पायऱ्यांवर, समाधीवर किंवा मंदिराच्या आवारात चालवू नका. गाडीने दगडाला इजा होणार नाही हे खरं, पण सैल चिरा हलतो, माणसं कडेशी वाकून गाडीमागे जातात, आणि ती जागा अनेकांच्या श्रद्धेची असते. पायथ्याच्या ओढ्यात तोच काळा दगड मुबलक आहे.

१९. व्हिडिओत गाडी खेळण्यासारखी का दिसते?

कारण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. छोटी गाडी दगडावरून खाली टेकते ती मापाच्या हिशेबात फार झटकन. १:२४ साठी काळाचा फरक २४ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ४.९ पट. फोनवर सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण करा आणि २४ किंवा २५ फ्रेमने दाखवा, गाडीला वजन असल्यासारखं दिसतं. कॅमेरा चाकांच्या उंचीवर ठेवा. वरून घेतलेलं चित्रण काही केलं तरी टेबलावरचं वाटतं.

२०. घरात ट्रॅक कसा करावा?

एका जुन्या प्लायवर थर्माकोलचे तुकडे कोरून चिकटवा, वरून वाळू मिसळलेल्या सिमेंटचा पातळ लेप द्या. खरे दगड हवे असतील तर मुठीएवढे ते डोक्याएवढे दहा-बारा पुरतात. चिकटवू नका, दर आठवड्याला मांडणी बदला. फाटक म्हणून दोन काड्या रोवा, मधलं अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त. गाडी मागे घेतली तर १ गुण, काडीला लागली तर १०, आणि कमी गुणवाला जिंकला. दोघं-तिघं एकत्र खेळायला एवढे नियम पुरे. एका वेळी दोन गाड्या चालवल्या तरी २.४ गिगाहर्ट्झवरचे रिमोट आपापल्या रिसीव्हरशी जोडलेले असतात, एकमेकांना त्रास देत नाहीत.

२१. जोर लागला की ‘कट् कट्’ आवाज येतो आणि गाडी थांबते. काय तुटलं?

गाडी हातात धरा, एक चाक बोटांनी घट्ट पकडा आणि अगदी हलका थ्रॉटल द्या. त्या अ‍ॅक्सलचा ड्राइव्हशाफ्ट फिरतोय पण चाक अडलेलंच, तर दोष अ‍ॅक्सलच्या आतल्या गिअरमध्ये किंवा चाकामागच्या हेक्समध्ये (चाक ज्यावर बसतं त्या षट्कोनी तुकड्यात) आहे. हेक्स आधी पाहा, कारण चाकाची नट ढिली झाली की त्याचे कोपरे घासून गोल होतात. शाफ्टही फिरत नाही आणि आवाज मधून येतो, तर गिअरबॉक्स उघडा. मोटरचा स्क्रू सैल होऊन पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मागे सरकलेलं असतं आणि दात टोकाटोकांनी घासतात. मोटर पुन्हा बसवताना दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाचा कपटा घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून कपटा बाहेर काढा. कागदावर दातांच्या घड्या उमटल्या पण तो फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. फाटला तर मोटर केसभर मागे घ्या.